सोलापूर जिल्हा : हद्दी आणि माणसे

सोलापूर जिल्ह्याचा नकाशा आपण सर्वांनी शाळेच्या भिंतीवर टांगलेला पाहिला आहे. अकरा तालुके, अकरा रंग. मधून भीमा तिरकी वाहत गेलेली. चौथीच्या वर्गात त्या नकाशाकडे पाहताना असे वाटायचे, की जिल्हा म्हणजे डोंगर किंवा नदीसारखी काहीतरी मुळातच असलेली गोष्ट आहे. पुढे कळले, की नदी तेवढी मुळातली. बाकीच्या रेषा माणसांनी काढल्या, पुसल्या, पुन्हा काढल्या. कधी लढाई करून, कधी लग्न लावून, कधी मुंबईच्या कचेरीत बसून.

होय, लग्न लावून! सोलापूरचा किल्ला दोनदा आंदणाच्या बोलण्यात आला आहे. बहामनी राज्य मोडकळीस आले तेव्हा परांड्याला ख्वाजा जहान आणि सोलापुरास त्याचा भाऊ झैनखान असे दोघे सरदार होते. त्यांच्याकडे मिळून अकरा परगणे. वाटणी झाली ती साडेपाच-साडेपाच अशी. आजच्या जिल्ह्याचे तालुकेही अकराच आहेत. हा निव्वळ योगायोग, पण मला तो गमतीचा वाटतो. १५११ मध्ये विजापूरकरांनी झैनखानाकडून सोलापूर घेतले. मग १५२४ साली अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा आणि विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम यांचा विवाह सोलापुरात झाला. वधूबरोबर सोलापूरचा किल्ला आणि ते साडेपाच परगणे मिळतील असा शब्द निजामशहाला मिळाला होता. लग्न झाले, वऱ्हाड परतले, किल्ला काही मिळाला नाही. त्यावरून दोन्ही शाह्या पिढीभर एकमेकींशी लढत राहिल्या.

दुसरे लग्न चाळीस वर्षांनंतरचे. या वेळी वधू नगरची आणि वर विजापूरचा. हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली आणि तिच्यासोबत सोलापूर दिले. या सोयरिकीच्या बळावरच दख्खनच्या शाह्या एकत्र आल्या आणि १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली. पुढे वैधव्यात नगरचा किल्ला लढवणारी चांदबिबी आपल्या पाठ्यपुस्तकात आहे. तिच्या आंदणातले गाव आपले आहे, हे मात्र पाठ्यपुस्तक सांगत नाही. परगण्यातल्या कुणब्याला या लग्नांचे काय वाटले असेल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो. त्याच्या दृष्टीने बदल एवढाच, की सारा आता दुसऱ्या दिशेला जाणार. पाटील तोच, कुलकर्णी तोच, देशमुख-देशपांडेही तेच.

मलिक अंबरने १६२५ च्या सुमारास सोलापूर पुन्हा नगरकडे ओढले. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली, तेव्हा शहाजहानच्या तहाने ते विजापूरला परत मिळाले. १६६८ च्या तहात ते मोगलांकडे गेले. औरंगजेबाने १६८५ मध्ये विजापूरच्या मोहिमेसाठी सोलापूरला तळ दिला. त्याहून महत्त्वाचा तळ मंगळवेढे तालुक्यातल्या माचणूरजवळ ब्रह्मपुरीचा, १६९५ ते १६९९ या वर्षांतला. काबूलपासून बंगालपर्यंतच्या राज्याचे हुकूम त्या काळात भीमेच्या काठावरून सुटत होते. आज तिथे सिद्धेश्वराचे देऊळ आहे, किल्ल्याच्या पडक्या भिंती आहेत. श्रावणात माणसे गर्दी करतात. पण हिंदुस्थानची राजधानी काही वर्षे आपल्या जिल्ह्यात होती असे कोणाला सांगितले, तर तो हसतो.

मंगळवेढ्याचे नाव निघाले आहे तर दामाजीपंतांना वगळून पुढे जाता येणार नाही. मराठी मुलखातला सर्वांत प्रसिद्ध सरकारी अधिकारी कोण, असे विचाराल तर माझे उत्तर दामाजीपंत हेच. बिदरच्या बादशहाचा हा अंमलदार. दुष्काळात त्याने सरकारी कोठारे लोकांसाठी उघडली, आणि धान्याची किंमत विठू महाराच्या रूपात येऊन खुद्द विठ्ठलाने भरली अशी कथा आहे. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी लोकांनी काय लक्षात ठेवले ते पाहण्यासारखे आहे. राज्य कोणाचे होते हे बहुतेकांना सांगता येत नाही. कोठार कोणी उघडले ते सर्वांना ठाऊक आहे.

आता इंग्रजांकडे येऊ. २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीला बापू गोखले पडले. त्याच वर्षी मे महिन्यात जनरल मन्रोने सोलापूरचा किल्ला घेतला. पण आज आपण ज्याला सोलापूर जिल्हा म्हणतो, तो त्या दिवशी जन्मला नाही. त्याला वेळ लागला. आधी हा मुलूख नगर, पुणे, सातारा असा विखुरलेला. १८३८ मध्ये नगरचा पोटजिल्हा म्हणून सोलापूर उभे राहिले. त्यात बार्शी, मोहोळ, माढे, करमाळे होते आणि त्यांच्या जोडीला इंडी, हिप्परगी, मुद्देबिहाळ! म्हणजे आजच्या विजयपूर जिल्ह्यातली कानडी गावे सोलापूरच्या कचेरीत सारा भरत होती. १८६४ मध्ये हा पोटजिल्हा मोडला. त्याच वर्षी कलादगी जिल्हा निघाला, त्याचेच मुख्य ठाणे पुढे १८८५ मध्ये विजापूरला हलवले. १८७१ मध्ये सोलापूर पुन्हा जुळवले गेले. या वेळी इंडी-मुद्देबिहाळ नाहीत. त्यांच्याऐवजी साताऱ्याकडून पंढरपूर आणि सांगोले आले. १८७५ मध्ये माळशिरस येऊन मिळाले. विठोबाचे पंढरपूर सोलापूर जिल्ह्यात येऊन अजून पावणेदोनशे वर्षेही झालेली नाहीत, हे ऐकून वारीला जाणारे माझे मित्र चकित होतात.

त्याआधी पंढरपूर कोणाचे होते? १८१९ च्या तहाने इंग्रजांनी प्रतापसिंह छत्रपतींना साताऱ्याचे राज्य दिले. त्याची उत्तरेची हद्द निरा आणि भीमा. त्यामुळे भीमेच्या अलीकडे कंपनी सरकार आणि पलीकडे पंढरीत छत्रपतींचा अंमल. आळंदीहून निघालेल्या माउलींच्या पालखीला निरा ओलांडली की दुसरे राज्य लागायचे. १८४८ मध्ये साताऱ्याचे राजे वारले, दत्तक नामंजूर झाला आणि ते राज्यही खालसा झाले.

या सगळ्यात अक्कलकोट वेगळे. तिथल्या भोसल्यांचे संस्थान साताऱ्याच्या आश्रयाने होते. सातारा खालसा झाल्यावर ते थेट इंग्रजांच्या देखरेखीखाली आले आणि सोलापूरचा कलेक्टर हाच त्याचा पोलिटिकल एजंट झाला. एकाच माणसाच्या दोन टोप्या. मंगळवेढे तर सांगलीच्या पटवर्धनांचे. सोलापूरहून मंगळवेढ्याला जाणारा माणूस सकाळी इंग्रजी हद्दीत न्याहारी करायचा आणि संध्याकाळी सांगली संस्थानात जेवायचा. १९४८ मध्ये संस्थाने विलीन झाली, तेव्हा अक्कलकोट आणि मंगळवेढे दोन्ही सोलापूर जिल्ह्यात आले. नकाशावरची भोके बुजली.

अशी ठिगळे फक्त आपल्याकडेच होती असे नाही. जर्मनीची गोष्ट यापेक्षा फार निराळी नाही. तिथल्या लोअर सॅक्सनी या राज्याची घडण १९४६ ची. हॅनोव्हर, ओल्डेनबुर्ग, ब्राउनश्वाइग आणि शौमबुर्ग-लिपे असे चार तुकडे जोडून ते केले. यातले शौमबुर्ग-लिपे म्हणजे तिथले अक्कलकोटच समजा, एका छोट्या राजघराण्याचा इवलासा मुलूख. १९७५ मध्ये तिथे आणि ओल्डेनबुर्गमध्ये लोकांचे मत घेतले, तेव्हा आम्हाला आमचे वेगळे राज्य हवे असा कौल निघाला. दिल्लीप्रमाणे तिथेही केंद्राचे चालते. पुढच्याच वर्षी त्यांच्या संसदेने ती मागणी बाजूला सारली. त्याच राज्याने २००४ च्या अखेरीस आपल्याकडच्या महसूल विभागांसारखी मधली कार्यालये बंदच करून टाकली. आपल्याकडे कार्यालय बंद होते तेव्हा बहुधा ते दुसऱ्या इमारतीत गेलेले असते.

थोडे शब्दांविषयी बोलतो, कारण तो माझा धंदा आहे. आमच्या घरी दखनी बोलतात. मी कविता लिहितो ती मराठीत. लोक कधी कौतुकाने, कधी थोड्या आश्चर्याने विचारतात, की तुम्हाला मराठी कशी जमली? अशा वेळी मी त्यांना एखादा सातबारा काढून दाखवतो. ‘जिल्हा’ हा शब्द अरबी. मूळ अर्थ बरगडी किंवा बाजू. ‘तालुका’ म्हणजे संबंध, ज्याच्यापासून आपला ‘ताल्लुक’. ‘तहसील’ म्हणजे वसूल करणे. ‘मौजे’ म्हणजे जागा. इलाखा, कसबा, दप्तर, नक्कल, शिरस्तेदार, मामलेदार, सगळे तिकडचे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यातले कितीतरी शब्द सुरेख आहेत. पण शेतकऱ्याच्या तोंडातून ‘तालुका’ गेला नाही. तो शब्द आता इतका मराठी झाला आहे, की त्याला पत्ता विचारण्याची गरज उरलेली नाही. मला ती कधी कधी पडते, एवढेच.

सोलापूरच्या पूर्वेला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर नळदुर्ग. हा निजामाचा मुलूख. १८५३ मध्ये कर्जापोटी निजामाने वऱ्हाडासोबत नळदुर्गचा भागही इंग्रजांकडे दिला. तिथे डेप्युटी कमिशनर म्हणून आला तो मेडोज टेलर. ठगांवरची कादंबरी लिहिणारा तो हाच. त्याने नळदुर्गला मोजणी केली, रस्ते केले. नंतर तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर ‘तारा’ ही कादंबरी लिहिली आणि चांदबिबीवरही एक लिहिली. जिल्हा चालवणाऱ्या माणसाला जिल्ह्याची गोष्ट लिहावीशी वाटली, हे दुर्मीळ म्हटले पाहिजे. १८६० मध्ये तो मुलूख निजामाला परत मिळाला. पुढे सालारजंगाने जिल्हाबंदी केली, म्हणजे इंग्रजांच्या धर्तीवर जिल्हे पाडले. पण नावे आपली ठेवली. आपल्याकडचा कलेक्टर तो तिकडे ‘अव्वल तालुकदार’. दप्तर उर्दूत, साल फसली, नाणे हाली.

माझ्या आजीचे माहेर त्या बाजूचे. तिच्याकडून ऐकलेले सांगतो. हद्दीवर करोडगिरीचा नाका असे. करोडगिरी म्हणजे निजामाची जकात. सोलापूरहून चादरी, लुगडी घेऊन माहेरी निघालेल्या बाईचे गाठोडे नाक्यावर सोडायला लावत. नवे कापड असेल तर पैसे. त्यामुळे बायका नवे लुगडे नेसून त्यावर जुने गुंडाळत आणि हद्द ओलांडत. हाली सात रुपये म्हणजे कलदार सहा रुपये, हा हिशेब आजीला शेवटपर्यंत तोंडपाठ होता. तिला लिहिता-वाचता मात्र येत नव्हते. भाऊबीजेसारखीच आमच्याकडेही भावाकडून बहिणीला ओवाळणी पडायची ती हालीत. आजी ती जपून ठेवायची, कारण इकडे ती चालायची नाही.

१९४७-४८ मध्ये ही हद्द पेटली. रझाकारांच्या जुलमाने त्रासलेली माणसे सोलापुरात येऊन राहिली. हद्दीवर स्टेट काँग्रेसचे कॅम्प पडले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज जी हैदराबादकडे निघाली, तिची मुख्य तुकडी सोलापूरहूनच निघाली आणि पहिला नळदुर्ग घेतला. पाच दिवसांत सारे आटोपले. मराठवाडा मुक्त झाला, ही आनंदाचीच गोष्ट. त्यानंतरच्या आठवड्यांत जे झाले ते सांगितल्याशिवाय मात्र ही हकिगत पुरी होत नाही. केंद्राने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने मुसलमानांवरच्या अत्याचारांबाबत सर्वांत वाईट ठरवलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद एक होता. बाकीचे गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. तो अहवाल २०१३ पर्यंत लोकांना पाहायला मिळाला नाही. माझ्या आजीचे दोन भाऊ तेव्हा सोलापूरला आले. आधी रझाकारांच्या भीतीने ज्यांनी हद्द ओलांडली आणि नंतर यांच्यासारखे ज्यांनी ओलांडली, ते एकाच शहरात, एकमेकांच्या गल्लीला लागून राहिले. गिरणीत एकाच पाळीला जाऊ लागले. याविषयी दोन्ही बाजूंची माणसे फारसे बोलत नसत. मी हे सांगतो आहे, कारण बोलणारे आता उरलेले नाहीत.

हद्दीच्या गोष्टीत एक प्रकरण असे आहे, की सोलापुरात काही दिवस कोणाचाच अंमल नव्हता. ६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज लावला. ही नगरपालिका १८५२ ची, मुंबई इलाख्यातल्या जुन्यांपैकी. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर शहर उसळले. ८ मे रोजी पोलिसांचा गोळीबार झाला, चौक्या आणि कोर्ट पेटले, अंमलदार शहर सोडून बाजूला झाले. ९ ते ११ मे, तीन दिवस. काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी रस्त्यावरची वाहतूक सांभाळली, दुकाने उघडी ठेवली. १२ तारखेला मार्शल लॉ लागला तो ३० जूनपर्यंत. तिरंगा आणि गांधी टोपीवर बंदी. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिले. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवत. चार नावे पाहा. या शहरातल्या चार वेगवेगळ्या बोळांतली ती माणसे आहेत. सोलापूरची खानेसुमारी करायला निघालेला कारकून अनेक रकाने भरून जे सांगेल, ते या चार नावांत आले आहे.

१ नोव्हेंबर १९५६ चा दिवस सोलापूरच्या दृष्टीने विलक्षण. त्या दिवशी भाषावार राज्ये झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि नळदुर्गची शेकडो वर्षांची हद्द एका रात्रीत संपली. आजीचे माहेर आणि सासर एका राज्यात आले. पण त्याच रात्री दक्षिणेला नवी हद्द पडली. विजापूर, जे तोवर आपल्याच मुंबई प्रांतात होते, ते म्हैसूर राज्यात गेले. अक्कलकोटच्या माणसाची सोयरीक इंडीकडची. त्याचे पाहुणे आता परराज्यातले झाले. एक भिंत पडली आणि दुसरी उभी राहिली. फरक एवढाच, की या भिंतीवर करोडगिरी नव्हती.

भांडण मात्र राहिले. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. १९६७ च्या अहवालात त्याने २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे तेव्हाच्या म्हैसूरला द्यावीत असे सुचवले. त्यात अक्कलकोटही त्यांच्याकडे होते, आणि बेळगाव आपल्याकडे नव्हते. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी अक्कलकोट-सोलापूरवर पुन्हा हक्क सांगितला, तेव्हा आमच्या चहाच्या टपरीवर दोन दिवस जोरात चर्चा झाली. चर्चा करणाऱ्यांत एक तेलुगू बोलणारा विणकर, एक कानडी बोलणारा अडत्या आणि मी. तिघेही मराठीत भांडत होतो.

रेल्वेचा हिशेब आणखी वेगळा. गाडी सोलापुरात १८६० मध्येच आली. पण २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे निघाली, तेव्हा सोलापूर विभाग तिच्याकडे, म्हणजे सिकंदराबादच्या अखत्यारीत गेला. ज्या निजामाच्या राजधानीपासून आम्ही दहाच वर्षांपूर्वी सुटलो असे मानत होतो, तिथून सोलापूरच्या स्टेशनमास्तरला हुकूम येऊ लागले. बरोबर अकरा वर्षांनी, १९७७ मध्ये, विभाग पुन्हा मध्य रेल्वेकडे परत आला.

नावांचेही पाहा. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या चार शेजाऱ्यांची नावे बदलली. गुलबर्ग्याचे कलबुर्गी आणि विजापूरचे विजयपूर २०१४ मध्ये, उस्मानाबादचे धाराशिव २०२३ मध्ये, अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ मध्ये. सोलापूरने आपला बदल फार पूर्वी केला. सिद्धरामेश्वरांच्या काळी ते सोन्नलगी होते. साहेबाने त्याचे शोलापूर केले. स्वातंत्र्यानंतर तो ‘शो’ गेला आणि ‘सो’ राहिला.

महसुलाला आपण पुणे विभागात आहोत, ग्रामीण पोलिसांचे परिक्षेत्र कोल्हापूरचे आहे. माझ्या बी.ए.च्या पदवीपत्रावर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा शिक्का आहे. त्या वेळी गुणपत्रिकेतल्या चुकीच्या दुरुस्तीसाठी रात्रभर एस.टी.त बसून कोल्हापूर गाठावे लागे. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूरला एका जिल्ह्यापुरते स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि ती यातायात संपली. त्याला आता अहिल्यादेवी होळकरांचे नाव आहे. पण कोल्हापूरने आपल्याला सोडलेले नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथे मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. सांगोल्याच्या पक्षकाराची सोय झाली. करमाळ्याचा पक्षकार मात्र जेऊर स्टेशनवरून थेट मुंबईच्या गाडीत बसायचा. त्याला हे कोल्हापूर जवळ पडले की लांब, याचा हिशेब तो अजून करतो आहे.